लाल खुणेचे आठ बोल्ट

आमच्या भावोजींना गिऱ्हाइकं मास्तर म्हणतात आणि मला पाणक्या. हे नाव मला ठेवलं तेही भावोजींनीच. त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा रेडिएटर उतरवला तेव्हा खालची नळी आधी काढली आणि सगळं पाणी अंगावर घेतलं. त्याला बावीस वर्षं झाली. तरी नवीन गिऱ्हाईक आलं की तो किस्सा होतोच आणि मी आपला दात काढून हसतो. काय करणार? ताईचा नवरा.

आमची वाटणी सरळ होती. गाडीत जे तापतं ते माझं, जे फिरतं ते त्यांचं. म्हणजे रेडिएटर, पंखे, नळ्या, टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, हे सगळं माझ्याकडे. क्लच, गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांकडे फेरा नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, त्याच्या टोकाचा डिफरन्शियल, हे त्यांच्याकडे. आता माझं काम नीट झालं तर होतं काय? काही होत नाही. गाडी तापत नाही. न तापलेल्या गाडीबद्दल कोण कुणाची पाठ थोपटतो हो? त्यांचं काम झालं की मात्र गिऱ्हाईक एक चक्कर मारून येतं आणि म्हणतं, "वा मास्तर, काय हात आहे तुमचा!" हे मी बावीस वर्षं ऐकत आलोय.

हात होताच तसा, खोटं कशाला बोलू. गिअरबॉक्स बसवताना हा माणूस डोळे मिटायचा. आतला दांडा क्लचच्या भोकात कुठे अडतोय ते त्याला मनगटात कळायचं. मी तीन वेळा ढकलून घामाघूम झालेलो असायचो आणि हे येऊन म्हणायचे, "सर बाजूला, पाणक्या." एक हेलकावा, आणि बसला गिअरबॉक्स. राग यायचा मला. कौतुकही वाटायचं, पण राग जास्त यायचा.

गॅरेजात त्यांची एक शिस्त होती. महत्त्वाचा बोल्ट आवळायचा तो टॉर्क पान्यानंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'टक्' वाजणाऱ्या पान्यानं. टक् वाजलं की मार्करनं रेघ मारायची, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यांची रेघ लाल, माझी पिवळी. ज्याची रेघ, त्याची जबाबदारी. दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा नाही. लावलाच तर ती पुसायची, आपली मारायची आणि तोंडानं सांगायचं. गॅरेजात भांडणं पुष्कळ झाली, पण हा नियम कधी कुणी मोडला नव्हता.

तो मी मोडला.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी भावोजींचा उजवा हात थरथरायला लागला. रिकामा असला की थरथरायचा, पाना धरला की शांत. मी रोज शेजारी उभा असायचो, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. ताईच्या आलं. कपातला चहा बशीत सांडायला लागला तेव्हा आलं. एक दिवस तिनं मला जिन्यात गाठलं.

"डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात," ती म्हणाली. "तू एक कर. त्यांनी आवळलेलं सगळं एकदा बघत जा. उद्या कुणाचं चाक निघालं तर?"

"ताई, त्यांच्या कामाला हात लावायचा? जीव घेतील माझा."

"त्यांना कळू द्यायचं नाही. दुपारी जेवायला घरी येतात ना, तेव्हा बघ. मी ठेवते त्यांना अडकवून अर्धा तास."

मी हो म्हटलं. काळजीपोटी म्हटलं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. काळजी होतीच. पण दुसरंही काहीतरी होतं. मास्तरांचं काम पाणक्या तपासणार, हे मला आतून गोड लागलं. आज बोलायलाच बसलोय तर सगळं बोलतो.

मग रोज दुपारी ते जेवायला गेले की मी त्यांच्या खणातून पाना काढायचा, भिंतीवरच्या तक्त्यात त्या बोल्टच्या जोराचा आकडा बघायचा, पान्यावर तो लावायचा आणि त्यांचा एकेक बोल्ट तपासायचा. टक्. टक्. टक्. बोल्ट जागचा हलायचा नाही. रेघ तशीच सरळ. सव्वा वर्ष हे केलं मी. शंभरावर गाड्या झाल्या असतील. एक बोल्ट सैल निघाला नाही. शहाण्या माणसानं तिथे थांबून ताईला सांगितलं असतं, की बाई, तुझ्या नवऱ्याचा हात थरथरतो पण चुकत नाही, आता मला मोकळं कर. मी नाही थांबलो. उलट दर वेळी टक् ऐकून माझा थोडा हिरमोडच व्हायचा.

त्यात ती दातांच्या डॉक्टरची गाडी आली.

दोन दारांची, बुटकी, टर्बोची गाडी. मालक चाळिशीचा, सोमवार ते शनिवार लोकांचे दात उपटणार आणि रविवारी शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर गाडी पळवणार. बायकोपेक्षा गाडीचे फोटो जास्त होते त्याच्या फोनमध्ये. कुठेतरी टर्बोचा दाब वाढवून घेतला होता. ताकद वाढली, पण बाकी सगळं कंपनीचंच. तिसऱ्या फेरीत पाणी उकळायचं आणि मागचा शाफ्ट वेग घेताना कुरकुरायचा. "दोन्ही करा," तो म्हणाला. "आणि मास्तर, शाफ्टचं तुम्ही स्वतः बघा."

पाण्याचं कोण बघणार ते विचारायचीही त्याला गरज वाटली नाही.

पण त्या गाडीवर मी जीव ओतला. जाड रेडिएटर बसवला. तो बसेना म्हणून पुढची पट्टी कापून नवी वेल्ड केली. सगळ्यात मोठा घोळ असतो तो फटींचा. हवा आळशी असते, रेडिएटरच्या बाजूनं वाट मिळाली की आतून जात नाही. मी पत्रा कापून दोन्ही बाजूंनी आडोसे केले, राहिलेल्या फटीत फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. तेलाला वेगळा कूलर दिला. मग गाडीचं नाक वर उचलून, आतला हीटर चालू ठेवून, नळ्या हातानं दाबत दाबत पाण्यातला हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत दोन तास बसलो. भावोजी येऊन बघून गेले. "बरं केलंयस," म्हणाले. बावीस वर्षांत इतकं मोठं भाषण त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच केलं.

त्यांनी जुना दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून अखंड एकच बसवला. तो बाहेरून मागवलेला, खोक्यात आठ नवे बोल्ट आणि एक छापील कागद. गुरुवारी सकाळी त्यांनी ते आठ बोल्ट आवळले, लाल रेघा मारल्या आणि जेवायला गेले.

मी गाडीखाली गेलो. तक्त्यातला आकडा पान्यावर लावला. पहिला बोल्ट घेतला आणि ओढला. टक् वाजलं नाही. बोल्ट फिरला.

पुन्हा ओढला. पाव फेऱ्याला जरा कमी फिरला आणि मग टक् झालं. दुसरा घेतला. तोही फिरला. आठच्या आठ फिरले. लोण्यातून जावा तसा बोल्ट मऊ सरकत होता आणि मी मनाशी म्हणत होतो, झालं, ताईचं खरं ठरलं, मास्तरांचा हात गेला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आधी भीती वाटली, मग बरं वाटलं. एक माणूस आज माझ्यामुळे वाचला, आणि त्या माणसाला कळणारही नाही की पाणक्यानं वाचवलं. मला तेव्हा स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं.

रेघा तुटल्या होत्या. माझी पिवळी मारली असती तर बिंग फुटलं असतं. मी थिनरच्या फडक्यानं त्यांच्या रेघा पुसल्या, त्यांच्याच खणातून लाल मार्कर काढला आणि आठ नव्या रेघा मारल्या. ते आले तेव्हा मी हात धुऊन बसलो होतो.

रविवारी आम्ही दोघंही ट्रॅकवर गेलो. तिसरी फेरी झाली, चौथी झाली, पाण्याचा काटा जागचा हलला नाही. डॉक्टर खिडकीतून अंगठा दाखवत गेला. मी भावोजींकडे बघितलं, ते हसले. पाचव्या फेरीत सरळ रस्त्यावर गाडीनं वेग घेतला आणि धडाड आवाज झाला. नंतर पत्र्याचे डबे आपटावेत तसे आवाज येत राहिले, गाडी दोनदा गोल फिरली आणि खडीत जाऊन रुतली.

आम्ही धावलो. डॉक्टर स्वतःच बाहेर आला, खरचटलंसुद्धा नव्हतं. पण गाडीत वाकून बघितलं तर शाफ्ट मागून सुटून खालून पत्रा फाडत वर आला होता. सीटच्या शेजारी हाताएवढं भोक पडलं होतं. वीतभर अलीकडे आला असता तर त्याचा पाय राहिला नसता.

गाडी खडीतून ओढून काढल्यावर खाली बोल्टांची तुटलेली डोकी सापडली. डॉक्टरनं एक उचललं. आमच्यासमोर धरलं.

"ही लाल खूण कुणाची?"

भावोजींनी ते डोकं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"माझी," ते म्हणाले.

एवढंच. कारण नाही, सबब नाही. वीस-पंचवीस लोक उभे होते, त्यातले निम्मे आमचीच गिऱ्हाइकं. डॉक्टर म्हणाला, "मास्तर, तुमचा हात थरथरतो हे मी बघितलं होतं. तरी विश्वास ठेवला. चूक माझीच." भावोजींनी मान खाली घातली. मीही घातली. माझी का घातली ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी मनात म्हणत होतो, अरे, मी तर आवळले होते, मग तुटले कसे?

सोमवारी ते गॅरेजात आले नाहीत. मंगळवारी किल्ल्या पाठवून दिल्या. मी त्यांचा खण आवरायला घेतला आणि त्यात तो छापील कागद होता. पेन्सिलनं त्यांनी दोन ओळींखाली रेघ ओढली होती. हे बोल्ट ताण घेणारे आहेत. आधी हलका जोर, मग मोजून पाव फेरा, बस. एकदाच. पुन्हा आवळू नये, तपासायलाही पाना लावू नये, बोल्ट आतून लांबतो आणि तुटतो.

मी स्टुलावर बसलो. तुटलेली डोकी बाकावरच होती. एकेकाची मान लांबून बारीक झालेली, आंधळ्यालाही दिसली असती. तक्त्यातला आकडा जुन्या बोल्टांचा होता. बोल्ट सैल नव्हतेच. जे लोण्यासारखं सरकत होतं ते लोखंड मरत होतं, आणि बावीस वर्षं पाना धरणाऱ्या मला ते कळलं नाही, कारण मला ते सैलच निघायला हवे होते. लाज वाटली असं म्हणणं फार सोपं आहे. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि शटर ओढून घेतलं.

नऊ दिवस मी गप्प बसलो. ताईनं फोन केला तर ती चक्क खुशीत. "बरं झालं बाबा, घरी तरी बसले. कुणाला लागलं-बिगलं नाही, सुटलो." मी हं हं करत राहिलो. सांगितलं तर काय काय सांगावं लागेल ते मोजत होतो. बोल्ट मी मोडले, एवढंच सांगून भागणार नव्हतं. सव्वा वर्ष तुमच्या मागे मी पाना घेऊन फिरत होतो, हेही सांगावं लागणार होतं. न सांगावं तर तो माणूस मरेपर्यंत समजणार की आपल्या हातानं एकाचा जीव घेत होतो. कुठला दगड कमी लागतो?

दहाव्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. भावोजी गॅलरीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. ताईनं चहा आणला. त्यांनी कप घेतला नाही. ताईनं बशीत ओतून बशी त्यांच्या ओठाला लावली आणि ते प्यायले. या माणसानं! मला ते बघवेना. ताई आत जायची वाटही न बघता मी बोलून मोकळा झालो. कागद, तक्ता, पाना, सगळं.

ते ऐकत होते. ताई दारात उभी राहिली होती, तिनं मला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं. आता कसला गप्प बसतोय मी.

"म्हणजे मी बरोबर आवळले होते," भावोजी म्हणाले.

"हो."

त्यांचा चेहरा जरा उजळला. अगदी एवढासाच. मग तो विझताना मी बघितला.

"आणि खूण? ती पण तू काढलीस? माझ्या रंगानं?"

"हो."

"किती दिवस चाललं होतं हे?"

"सव्वा वर्ष."

"रोज?"

"रोज. तुम्ही जेवायला आलात की."

त्यांनी दाराकडे बघितलं. ताई म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला. काळजी वाटत होती मला. चुकलं का माझं?" ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"त्या सव्वा वर्षात माझा एक तरी सैल निघाला होता का रे?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, भावोजी."

"मग कशासाठी बघत राहिलास?"

मला उत्तर येत होतं. पण ते त्यांच्या तोंडावर म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "सवय लागली." त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसले.

मी डॉक्टरलाही जाऊन सांगितलं, त्याच्या दवाखान्यात, पेशंट खुर्चीत असताना. तो तोंडावरचा मास्कसुद्धा न काढता म्हणाला, "तुमचं घरचं तुम्ही बघा. गाडी मी दुसरीकडे दिली." ट्रॅकवरच्या बाकीच्यांना फोन केले. कुणी हो हो म्हटलं, कुणी उचललाच नाही. पाणक्या मेहुण्यासाठी खोटं बोलतोय, असं त्यांच्यात चाललंय म्हणे. मी पहिल्यांदाच खरं बोलतोय आणि नेमकं तेच कुणाला पटत नाही. घ्या!

पुढच्या आठवड्यात भावोजी परत आले. मी स्वतः जाऊन किल्ल्या देऊन आलो होतो, पाया पडायचंच बाकी होतं. एका सामानाच्या व्हॅनचा क्लच होता. नेहमीचं काम, डोळे मिटून करायचे ते. त्यांनी पहिला बोल्ट आवळला. टक् वाजलं. मार्कर हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले. पुन्हा पाना लावला. पुन्हा टक्. मग सैल केला, परत आवळला. मी दुसऱ्या गाडीच्या पंख्याशी खुडबुड करत बसलो, दिसत नसल्यासारखा.

"पाणक्या," त्यांनी हाक मारली. "जरा बघतोस का?"

टोमणा असणार. मी मनात म्हटलं, मारा, दहा मारा, मला ते चालणार होतं. मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. रात्री उशिरा परक्या गावात रस्ता विचारणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

"बघ ना. तुझा हात लाव एकदा."

मी पाना लावला. बोल्ट हलला नाही. टक्.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

आता चार महिने झाले. ताई परवा म्हणाली, "बघ, आता बरं झालं की नाही, तुला चोरून करावं लागत नाही." मी तिच्यावर एवढा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. तिला अजून कळलेलं नाही मी का ओरडलो. गॅरेजात आता कुणी मास्तर म्हणत नाही, म्हटलं तर तेच हात हलवून नको म्हणतात. पाणी अंगावर घेतल्याचा माझा किस्सा ते आता सांगत नाहीत, सांगा म्हटलं तरी नाही.

सकाळी एका गाडीचा गिअरबॉक्स बसवत होतो आम्ही. नऊ बोल्ट होते. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की ते पाना माझ्या हातात देत होते आणि मला जागा करून देण्यासाठी एक पाऊल मागे सरकत होते.